उचल, कोयता आणि घुंगरू

(बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

बैठकीच्या लावणीत 'बालेघाटी' नावाचा एक प्रकार आहे. विरहाची वेदना संथ लयीत आळवणारी ही लावणी. ज्या बालाघाटाच्या डोंगररांगांनी बीड जिल्ह्याला आकार दिला, त्यांचाच उच्चार या नावात ऐकू येतो. विरह हा या जिल्ह्याला परका नाही. दसरा-दिवाळी झाली की येथील गावेच्या गावे बैलगाड्या, ट्रक आणि ट्रॅक्टर यांतून साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. घरी उरतात ती थकलेली माणसे आणि शाळेच्या ओढीने किंवा नाइलाजाने मागे ठेवलेली मुले. ऊसतोड कामगारांच्या या स्थलांतरावर थोडेफार लिहिले गेले, समित्या नेमल्या गेल्या, संप झाले, महामंडळही झाले. परंतु त्याच दसऱ्याच्या सुमारास, त्याच मराठवाड्याच्या आणि शेजारच्या जिल्ह्यांच्या रस्त्यांवरून आणखी एक कामगारवर्ग हंगामासाठी बाहेर पडत असतो, त्याची नोंद कोणी घेत नाही. तो वर्ग म्हणजे तमाशाच्या फडांत, संगीतबारीच्या थिएटरांत आणि गावोगावच्या लावणीच्या कार्यक्रमांत नाचणाऱ्या तरुण मुलींचा.

या दोन वर्गांना जोडणारा एकच शब्द आहे. तो शब्द म्हणजे 'उचल'.

ऊसतोडीची उचल बीडमध्ये कोणाला समजावून सांगावी लागत नाही. हंगामापूर्वी मुकादम रक्कम देतो, नवराबायकोचा मिळून एक 'कोयता' ठरतो, आणि तोडलेल्या टनांतून ती रक्कम फेडली जाते. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. नृत्याच्या व्यवसायातील उचलही नेमकी अशीच आहे. फडमालक सावकाराकडून कर्ज उचलतो. त्यातून नर्तकी, ढोलकीवाला, सोंगाड्या यांना हंगामाआधी रक्कम देतो. आणि दसऱ्यापासून वैशाखापर्यंत ती माणसे त्या फडाशी बांधली जातात. मुलीच्या नावावर घेतलेली उचल बहुधा मुलीच्या हाती पडतही नाही. ती घराच्या छपराला लागते, बापाच्या आजारपणाला लागते, भावाच्या लग्नाला लागते. वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या रंगमंचावर, उभी राहणारी मुलगी आपली कला दाखविण्यापूर्वीच कर्जदार झालेली असते. तिच्या कारकिर्दीची सुरुवात ही अशी ऋणाने होते, आणि शेवटही बहुधा ऋणातच होतो.

या मुलींच्या जीवनाचा विचार करताना समाजाने आजवर दोनच भाषा वापरल्या. एक गौरवाची आणि दुसरी नीतीची. कलावंत म्हणून तिचे पोवाडे गायचे किंवा पतित म्हणून तिच्यावर बंदी घालायची. तिसरी भाषा, श्रमाची, कोणी वापरलीच नाही. ती वापरल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

शरीराचा हंगाम

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांची एक कथा महाराष्ट्र मोठ्या कौतुकाने सांगतो. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. रंगमंचामागे जाऊन त्या प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर येऊन उभ्या राहिल्या. ही कथा कलेवरील निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. विठाबाईंच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु नवव्या महिन्यात एका बाईला बोर्डावर उभे का राहावे लागले, हा साधा प्रश्न त्या टाळ्यांच्या गजरात विचारला गेला नाही. गिरणीतल्या किंवा कचेरीतल्या बाईला जी प्रसूतीची रजा कायद्याने मिळते, ती राष्ट्रपतींच्या हस्ते १९५७ आणि १९९० अशी दोनदा गौरविल्या गेलेल्या या कलावतीला कधीच मिळाली नाही. अखेरचा काळ त्यांनी हलाखीत काढला. आता त्यांच्या नावाने राज्य शासन तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते.

आता याच्या शेजारी बीडची दुसरी हकीकत ठेवून पाहावी. २०१९ साली या जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यामागे वैद्यकीय नफेखोरी होती, अज्ञान होते, कर्करोगाची घातलेली भीती होती. आणि काम बुडाले तर पडणारा 'खाडा' होता. मासिक पाळी, गरोदरपण, आजार यांपैकी काहीही हंगामाला मानवत नाही. उसाच्या फडात कोयता चालविणारी बाई आणि तमाशाच्या फडात घुंगरू बांधणारी बाई या दोघींच्या बाबतीत व्यवस्थेचे म्हणणे एकच आहे: हंगाम संपेपर्यंत शरीराने तक्रार करू नये. मराठीने या दोन्ही जागांना 'फड' हा एकच शब्द वापरावा, यात भाषेचे शहाणपण आहे.

नर्तकीच्या बाबतीत शरीराचा हा हंगाम फार लहान असतो. चौदा-पंधराव्या वर्षी घरातच पायाला चाळ बांधले जातात. मावशी, आत्या, थोरली बहीण हीच तिची शाळा. ढोलकीच्या तोडीवर पाय कसा पडावा, लावणीतला शब्द डोळ्यांनी कसा सांगावा, नऊवारीचा सांभाळ आणि भार पेलत तास न् तास कसे उभे राहावे, हे शिक्षण खडतर आहे. पण त्याचे प्रमाणपत्र नाही. पस्तिशीच्या आसपास मागणी ओसरू लागते. ज्या थोड्या जणी शहाणपणाने आणि नशिबाने स्वतःची पार्टी उभी करतात त्या मालकिणी होतात. उरलेल्या पार्टीतच स्वयंपाक करतात, नव्या मुलींची लेकरे सांभाळतात. राज्याची वृद्ध कलावंतांसाठी मानधन योजना आहे, आणि २०२४ पासून ते मानधन दरमहा ५,००० रुपये झाले, ही चांगली गोष्ट. परंतु त्यासाठी वयाची पन्नाशी गाठावी लागते आणि पंधरा वर्षांच्या कलासेवेचा पुरावा द्यावा लागतो. पस्तिसाव्या वर्षी उतरलेले घुंगरू आणि पन्नाशीचे मानधन यांच्यामधील पंधरा वर्षे बाईने कशी काढावीत? आणि रात्रीच्या बारीचा पुरावा कोणत्या कचेरीत मिळतो?

तीन वाटा, एक अडचण

आजच्या तरुण नर्तकीपुढे तीन वाटा आहेत. पहिली ढोलकीफडाची. साठ-सत्तर माणसांचा संसार ट्रकमध्ये भरून गाव-जत्रा फिरणारा हा फड. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग असा त्याचा क्रम. जत्रांच्या सुपाऱ्या ठरविण्यासाठी गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या पडतात आणि गावकारभारी तेथे येऊन सौदे करतात. २०२० साली देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च, हाच गुढीपाडव्याचा दिवस होता. ज्या दिवशी वर्षाची भाकरी ठरायची त्याच दिवशी सारे बंद झाले. पुढल्या वर्षीही जत्रा भरल्या नाहीत. कारखान्यांचे गाळप त्या काळातही चालू राहिले. घुंगरू मात्र दोन हंगाम खुंटीला राहिले आणि उचलीवरचे व्याज चढत राहिले.

दुसरी वाट संगीतबारीची. बीडच्या सीमेवरील जामखेड, सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंब, पुण्याकडचे चौफुला ही या व्यवसायाची जुनी ठाणी. थिएटर एकाचे असते. त्यात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात. प्रत्येकीची बारी लागते. बोर्डावरच्या तिकिटाच्या पैशांत थिएटरमालकाचा वाटा, मग मालकिणीचा, मग साजिंद्यांचा, आणि अखेर नर्तकीचा. दौलतजादा आणि खाजगी बैठक यांवर पार्टीचे खरे अर्थकारण चालते. कलेचे मोल आणि कलावतीचे मोल यांतली सीमारेषा बैठकीच्या खोलीत पुसट होते, आणि ती पुसट राहण्यातच अनेकांचा फायदा असतो.

तिसरी वाट नवी आहे. ध्वनिमुद्रित गाण्यांवरचे लावणीचे कार्यक्रम, वाढदिवस, दहीहंडी, गणेशोत्सव, निवडणुकीचे मेळावे आणि मोबाईलच्या पडद्यावरील चित्रफिती. येथे घराण्याची, जातीची अट नाही; कोणत्याही गावची मुलगी येऊ शकते, आणि हा एक मोकळा वारा आहे, हे मान्य केले पाहिजे. २०२२-२३ मध्ये गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांना लोटलेली गर्दी महाराष्ट्राने पाहिली. त्या गर्दीची हुल्लडबाजीही पाहिली, आणि कपडे बदलताना चोरून केलेले चित्रीकरण पसरविण्याचा नीच प्रकारही पाहिला. एवढ्या नामवंत कलावतीला कपडे बदलण्यासाठी सुरक्षित खोली मिळत नसेल, तर तालुक्याच्या गावी मांडवामागच्या कनातीत उभ्या असलेल्या अनोळखी मुलीची काय कथा?

वाटा तीन असल्या तरी अडचण एक आहे. या मुलीचा मालक कोण, हे कोठेच लिहिलेले नसते. थिएटरमालक म्हणतो, पार्टी माझी नाही. मालकीण म्हणते, ही तर माझ्या घरची पोर. संयोजक म्हणतो, सुपारी दलालाला दिली. काम सर्वांचे आणि जबाबदारी कोणाचीच नाही.

भाऊ, यजमान आणि आईचे नाव

कोल्हाटी समाजात ही व्यवस्था कुळाचारापर्यंत पोहोचली. नाचणाऱ्या मुलीचे लग्न व्हायचे नाही. एखादा पैसेवाला 'चिरा' उतरवी आणि तिचा यजमान होई. तो सोडून गेला तर घुंगरू पुन्हा बांधायचे. या बाईच्या पायांवर बाप, भाऊ, भावजया, भाचे अशी सारी बिऱ्हाडे उभी. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली 'कोल्हाट्याचं पोर' लिहून हे आतले दुःख मराठी वाचकांसमोर ठेवले, तेव्हा वाचक हादरले. बहिणीच्या नाचावर बसून खाणारा भाऊ हा शोषक यजमानाइतकाच या व्यवस्थेचा आधार आहे, हे सत्य त्या डॉक्टर झालेल्या मुलाने लपविले नाही. २००७ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. बापाच्या नावाच्या रिकाम्या जागी त्यांनी आईचे नाव अभिमानाने लिहिले होते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदीत आईचे नाव लावण्याचा नियम महाराष्ट्राने केला. शांताबाईंच्या मुलाने जे तीस वर्षांपूर्वी केले तेथे राज्य आता पोहोचले. चाली बदलू शकतात, याचा हा पुरावा आहे. मात्र त्या आपोआप बदलत नाहीत.

पुरोगाम्यांचे देणे

येथे परिवर्तनवादी चळवळीने स्वतःच्या अंतःकरणात डोकावले पाहिजे. तमाशाचे सामर्थ्य चळवळीने फार पूर्वी ओळखले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने तमाशाला कामगारवस्तीत नवा आशय दिला. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गण-गवळण आणि वग यांतून समाजवादाचा विचार खेड्यापाड्यांत नेला. मध्यमवर्गीय रंगभूमीने 'विच्छा माझी पुरी करा'सारख्या लोकनाट्यांतून त्याच मातीवर पीक घेतले. चित्रपटाने 'सांगत्ये ऐका' (१९५९) आणि 'पिंजरा' (१९७२) यांतून घरोघरी लावणी पोहोचविली. या सर्वांनी तमाशापासून रूप घेतले, लय घेतली, हजरजबाबीपणा घेतला. ज्या बायांच्या पायांतून ही लय आली त्यांना परत काय दिले, असा हिशेब मांडला तर खात्यावर फारसे काही निघत नाही. तमाशाला लोकनाट्य म्हटले की तो सभ्य झाला; तमाशातली बाई मात्र होती तेथेच राहिली.

दुसऱ्या बाजूला नीतीचे रक्षक होते. २००५ साली राज्याने डान्सबारवर बंदी घातली. त्या बारमध्ये पिढीजात नृत्यावर जगणाऱ्या जमातींतल्या मुलीही होत्या. सामान्य बारमध्ये नाच निषिद्ध, पण तारांकित हॉटेलांना मोकळीक, असा तो कायदा होता. २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. २०१६ च्या नव्या कायद्यातील अनेक जाचक अटी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच दूर केल्या. चौदा वर्षे न्यायालयात नीतीचा खल चालला. त्या अवधीत घरी बसलेल्या मुलींच्या चुली कशावर पेटल्या, याची चौकशी कोणत्या खात्याने केली? आजही एखाद्या कलाकेंद्राशी संबंधित दुर्घटना घडली की तेथे नाचणाऱ्या मुलीचे नाव आणि छायाचित्र प्रथम झळकते, आणि 'कलाकेंद्रे बंद करा' ही मागणी मागोमाग येते. ऊसतोडीत शोषण आहे म्हणून कारखाने बंद करा, असे मात्र कोणी म्हणत नाही.

मागणी काय?

नर्तकीला कामगार मानले की मार्ग दिसू लागतो. हमालालाही एके काळी मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या वखारीत, अशी त्याची स्थिती होती. त्याच्या पाठीवरचे ओझे सर्वांचे आणि त्याच्या म्हातारपणाचे ओझे कोणाचेच नव्हते. अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारख्यांनी त्या वर्गाला संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालक अनेक असले तरी मंडळ एक, मजुरीवर लेव्ही, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि औषधोपचार. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी उसाच्या प्रत्येक टनामागे कारखान्याने दहा रुपये द्यावेत आणि तेवढीच भर शासनाने घालावी, असे ठरले. मग थिएटरच्या तिकिटावर, कार्यक्रमाच्या सुपारीवर आणि जत्रेच्या ठेक्यावर लेव्ही बसवून नृत्य-कलावंतांचे कल्याण मंडळ का होऊ नये?

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या कामगार संहितांपैकी सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत 'दृक्-श्राव्य कामगार' अशी एक व्याख्या आहे. तिच्यात नट, गायक, वादक यांच्याबरोबर 'नर्तक' हा शब्द स्पष्टपणे आलेला आहे. म्हणजे कॅमेऱ्यासमोर नाचणारी मुलगी कायद्याच्या दृष्टीने कामगार ठरू शकते. माणसांसमोर, मातीच्या बोर्डावर नाचणारी ठरत नाही. ही विसंगती दूर करण्याची मागणी घेऊन लढणे हे चळवळीचे पहिले काम होय.

दुसरे काम उचलीचे. उचल लेखी असावी, नर्तकीच्या स्वतःच्या सहीने आणि स्वतःच्या खात्यात जमा व्हावी, आणि ती फिटेपर्यंत फड सोडता येणार नाही ही अट बेकायदा मानावी. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ पासून अस्तित्वात आहे. त्याचा अर्थ तमाशाच्या तंबूपर्यंत नेणे बाकी आहे. तिसरे काम मुक्त नकाराचे. बोर्डावरचा करार बोर्डापुरताच असावा. बैठकीला नाही म्हटले म्हणून उद्याची बारी जाता कामा नये. अठरा वर्षांखालील मुलगी बोर्डावर असता कामा नये, यात तडजोड नाही.

चौथे काम तर बीड जिल्ह्यात उद्यापासून सुरू करता येईल. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी येथे हंगामी वसतिगृहे चालतात. नर्तकी आणि वादकांचा हंगामही दसऱ्यालाच सुरू होतो. त्यांच्या मुलांची नावे त्याच वसतिगृहांच्या पटावर घेतली जावीत, वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा आहे म्हणून कोणी परत पाठविले जाऊ नये, एवढे पाहणे कार्यकर्त्यांच्या आवाक्यातले आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप सुधारकांचा. मंडळ केले, नोंदणी केली, तर या शोषणाला राजमान्यता मिळेल, असे ते म्हणतात. मुलींना या व्यवसायातून बाहेर काढले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे प्रामाणिक आहे. पण बाहेर काढून न्यायचे कोठे? ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुलीच उरल्या होत्या; ज्या जिल्ह्यात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार वीस ते चोवीस वयोगटातील ४३.७ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांच्या आत झालेली होती. आणि कोयता पुरा करण्यासाठी जोडी हवी म्हणून जेथे मुलीला बोहल्यावर चढविले जाते, तेथे 'प्रतिष्ठित' जीवनाचा दरवाजा तरी कितीसा उघडा आहे? बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य तिला हवेच. परंतु ज्याच्या हातात शिल्लक आहे, ज्याच्या डोक्यावर उचल नाही, ज्याची मुले शाळेत आहेत, तोच बाहेर पडू शकतो. हक्कांमुळे व्यवसायाला बळ मिळत नाही. ते बाईला मिळते.

दुसरा आक्षेप कलावंतांचा. 'आम्ही कलावंत आहोत, मजूर नव्हे' असे अनेक लावणी कलावती अभिमानाने सांगतात. हा अभिमान आदरणीय आहे. यमुनाबाई वाईकर यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा उभ्या महाराष्ट्राला आनंद झाला. परंतु पद्मश्री एखादीला मिळते आणि भाकरी रोज सर्वांना लागते. कला आणि श्रम यांत विरोध मानणे ही बसून ऐकणाऱ्यांची सोय आहे. ढोलकीच्या एका तोडीमागे किती वर्षांचा घाम आहे, हे ज्या पायांना ठाऊक आहे, त्यांनी श्रम हा शब्द कमीपणाचा का मानावा?

मित्रहो, ऊसतोड कामगाराला कामगार म्हणायलाही महाराष्ट्राने फार वर्षे घेतली. तो मुकादमाचा माणूस होता, गडी होता, कोयता होता. कोयत्यामागे माणूस आहे हे ज्या दिवशी मान्य झाले, त्या दिवशी टनाच्या दराची भाषा सुरू झाली. घुंगरामागेही एक माणूस आहे. येत्या दसऱ्याला बीडच्या रस्त्यांवरून गाड्या भरून जाऊ लागतील, तेव्हा त्या गर्दीत एखादी मुलगी चाळांचे गाठोडे मांडीवर घेऊन बसलेली असेल. तिच्या नावावर किती उचल आहे, ती कोणी घेतली आणि तिच्या लेकराचे नाव कोणत्या शाळेत आहे, एवढे तीन प्रश्न तिला विचारावेत आणि उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. संघटनेचा आरंभ अशाच वहीपासून होत असतो.